बुटकीची उडी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे, माझे गुडघे कुरकुरताहेत, आणि तुझे बाबा तुझ्यापुरते अजून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. तू दुकान सोडून परगावी नोकरीला गेलीस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. तुला ठाऊकच आहे, उगाच उगाळत नाही.

एक गंमत सांगते. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यांनी खाली काढलाय. त्यावरचा तुम्हा बापलेकीचा लांबू-बुटकीचा खेळ आठवतो ना? लांबूने लादीवर उभं राहिलं की दार उघडतं, मग बुटकीने खड्ड्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. हा माणूस दुकानातून आला की एकटाच बसायचा. लांबूला लादीवर उभं करायचा आणि नुसता बघत राहायचा. बुटकीच्या बटणांना हातच लावायचा नाही.

मला बघवेना. एके दिवशी शेजारी खुर्ची ओढली आणि तुझी बटणं धरली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बुटकी धाडकन खड्ड्यात!

"अगं, आधी थोडं मागे जायचं. ठमी तसंच करायची," ते म्हणाले.

ठमी! मी पडद्याकडेच बघत राहिले. पुन्हा पडले, तर म्हणाले, "ती पडली की माझ्यावरच चिडायची." आणि हसले गं.

तेव्हापासून रोज बसतो. मी पडले की तुझी एखादी आठवण निघते. बटणांत बिस्किटांचा चुरा सांडायचीस, तेसुद्धा कौतुकाने सांगतात. तेव्हा मात्र ओरडायचे!

खरं सांगू? ती उडी मला केव्हाच जमलीय. ते दुकानात असताना दुपारी सराव करते. संध्याकाळी मुद्दाम पडते. पलीकडे गेले तर तुझं नाव निघायचं थांबेल, ही धास्ती.

पण काल म्हणाले, "राहू दे. तुला नाही जमायचं. ते तिचंच काम." कॉम्प्युटर बंद केला आणि त्या काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहिले.

ते तुला लिहिणार नाहीत. तुझा हट्ट कुठून आलाय, हे काय मी सांगायचं? आणि मलाही तू हवी आहेस. त्यांचं निमित्त करून किती लिहू?

नोकरी सोडू नकोस, माफी मागू नकोस. नुसती ये आणि त्यांच्या शेजारी बस. मी स्वयंपाकघरातून ऐकेन.

तुम्हा दोघांच्या भांडणाला आसुसलेली,
आई