दृश्यमानता उत्तम

यावल, १ डिसेंबर १९६८. सकाळी.
संकल्प: या हिवाळ्यात गावाच्या उत्तरेकडील डोंगरधार बेबाला दाखवायचीच. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तसा शब्द दिला होता. तिचे माहेर असोदे. धारेवरून तापीपलीकडचा तो सारा मुलूख दिसतो. दरवर्षी काही ना काही न्यून राहिले. कधी धुके, कधी ढग. अपुरे दृश्य दाखवणे भूगोलाच्या प्राध्यापकाला शोभत नाही, मग तो निवृत्त का असेना.

५ डिसेंबर.
कार्यपद्धती निश्चित. गच्चीवरून रोज डोंगर पाहायचा. दृश्यमानता ‘उत्तम’ असेल त्या दिवशी प्रस्थान. गच्चीचा जिना मी चढत नाही. गुडघे धारेसाठी राखून ठेवले आहेत. हे दुखणे नव्हे, नियोजन आहे. निरीक्षण बेबाने करावे, नोंद मी करावी. आज तिने वरून सांगितले, धुरकट आहे.

११ डिसेंबर.
पुन्हा धुरकट. कारण उघड आहे: भरिताचा सीझन. साऱ्या खानदेशात शेताशेतांतून कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजणे चालू आहे. वातावरणाचा विचार कोण करतो? बेबाला हे समजावले, तर म्हणाली, आमच्या असोद्याच्या वांग्यांले नावं ठेवू नका, दोन वांगी धारेवर नेऊ, तिथंच भाजू. मी स्पष्ट बजावले की धारेवर जाळ होणार नाही. दृश्य पाहायला जायचे आणि आपणच धूर करायचा, हा निव्वळ अडाणीपणा.

१६ डिसेंबर. सायंकाळी.
बेबा म्हणते, कंदिलाभोवती इंद्रधनुष्य दिसतं. प्रकाशाच्या अपवर्तनावर सुबोध विवेचन केले. चंद्राभोवतीच्या खळ्याचे उदाहरण दिले. ती म्हणाली, बरं. वरणात मीठ दोनदा पडले होते. बायकांचे लक्ष नसते.

२० डिसेंबर.
शेजारचे रतिलाल कापडवाले आले. म्हणाले, नाना, डोंगर आठवडाभर काचेसारखा लख्ख आहे, आणि तुम्ही घरात काय अंडी उबवताय? मी नोंदी पुढे केल्या. ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, बेबाअक्कांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. परवा दुकानात त्या समोरच्या गठ्ठ्यावर आदळल्या. दुकानात गठ्ठे वाटेत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना नावे ठेवायची! हिच्या नजरेत दोष असता तर माझ्या ध्यानात आला नसता काय?

२८ डिसेंबर.
धुरकट. बेबा म्हणाली, धुरकट तर धुरकट, मले यंदाच पाह्यचं हाये. कारण विचारले. म्हणाली, असंच वाटतं. वाटण्यावर मोहिमा आखता येत नाहीत. जानेवारीतील कोरड्या वाऱ्याची वाट पाहावी.

९ जानेवारी १९६९.
रतिलालने दंडाला धरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेले. डोंगर समोर, घळ न घळ मोजावी इतका स्वच्छ. दृश्यमानता एका रात्रीत सुधारली असली पाहिजे. त्याच वेळी बेबाने गच्चीवरून सांगितले, धुरकट आहे. तिने निरीक्षण घाईत उरकले. परंतु उत्तम ते उत्तम. उद्या प्रस्थान. दुर्बीण, थर्मास, नकाशा तयार.

१० जानेवारी. धारेवरून परतल्यावर.
एस.टी.ने पायथ्यापर्यंत, पुढे पायी. संपूर्ण चढण तिने माझी बाही सोडली नाही. वयाचा परिणाम, असे मी समजलो.

वर पोहोचलो. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक, निळ्यावर निळ्या. दक्षिणेस केळीचे हिरवे पट्टे, तापीची रेघ, आणि अगदी टोकाला अजिंठ्याच्या डोंगरांची कड. इतके निर्दोष दृश्य मी आजवर पाहिले नव्हते. सारी नावे क्रमाने सांगितली. बेबा प्रत्येक नावाला हं म्हणत होती.

मग परीक्षा म्हणून विचारले, असोदे कोणत्या बाजूला? तिने हात उचलला. बोट माझ्याकडे होते आणि मी उत्तरेला उभा होतो. मी पश्चिमेला सरकलो, पुन्हा विचारले. बोट माझ्या आवाजामागे आले.

म्हणाली, आज बी धुरकटच हाये. पन तुम्ही सांगितलं ना, म्हंजे तसंच आसंन.

मी दुर्बीण पिशवीत ठेवायला गेलो, तर तळाशी दोन वांगी. वाळक्या काड्या गोळा केल्या आणि जाळ पेटवला. ओलसर काड्याही घातल्या. भरपूर धूर झाला. ती म्हणाली, पाहा, मी सांगत नव्हते का? मी म्हणालो, खरे आहे.

१७ जानेवारी. जळगाव.
काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, घर पाठ आहे म्हणून त्यांचे चालून गेले. गेलेली नजर परत येत नाही. लवकर आणले असते तर काही राखता आली असती. दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

१९ जानेवारी. सकाळी.
आज गच्चीवर मी गेलो. गुडघे दुखतात. डोंगर स्वच्छ होता, माथ्यावरची झाडे सुटी सुटी दिसत होती.

खाली आलो. बेबा चुलीपाशी बसली होती. तिने विचारले, कसं हाये आज?

मी म्हणालो, धुरकट.