परत पहिल्यासारखं करता येतं का?

३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर आज लिहिते आहे. रागावून झालं असेल तर पुढचं वाच. दुकानात सध्या शाळा सुरू व्हायची गर्दी आहे. सगळ्या मुलांचे नंबर एकाच आठवड्यात वाढतात की काय, कोण जाणे. माझं दिवसभर काम एकच, लोकांच्या नाकावर फ्रेम टेकवायची, मागे सरून बघायचं आणि कानामागची काडी वाकवून द्यायची. मालक म्हणतात, ही आता माणसं नाकावरून ओळखते.

तुला एक विचारायचं होतं. फोनवरच विचारलं असतं, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि आईही तिथेच बसलेली असते. आमच्याकडे चष्म्याला एक बाई येतात. त्यांना नाक बदलून घ्यायचं आहे. माझी मावशी इस्पितळात त्याच विभागात पेशंटना सगळं समजावून सांगते असं मी बोलून गेले, तर त्या हात धुऊन मागे लागल्या आहेत. दुखतं का, पूर्ण भूल देतात का, सूज किती दिवस राहते, व्रण दिसतो का, कामावर कधी जाता येतं, असं सगळं त्यांना हवं आहे. चष्मा कधी लावता येतो हे मलाही हवं आहे, आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. आणि हो, आवाज बदलतो का? तेवढं सविस्तर कळव.

आई ठीक आहे. जेवते, झोपते, माझ्याशी कमी बोलते. थोरलीला जाऊन वर्ष होत आलं. घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणजे आई बोलत नाही, आणि मी एकटी काय बोलू. बाबा असते तर गोष्ट वेगळी होती. तू यावंस असं फार वाटतं, पण तुझे गुडघे आणि आमचा जिना यांचं काही जमायचं नाही.

तुझा लोभ उतू जातोच आहे, तो तसाच जाऊ दे.

तुझी,
धाकटी

१० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आमच्याकडे निम्मे पेशंट मैत्रिणीसाठी नाहीतर शेजारणीसाठीच विचारायला येतात, आणि बोलताना हात मात्र स्वतःच्या नाकावरून फिरत असतो. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून मी काही गवत उपटलेलं नाही. असो, तुझ्या बाईंनी ऐकावं.

दुखतं, पण लोकांना वाटतं तितकं नाही. खरा वैताग नाक चोंदल्याचा आणि तोंडाने श्वास घेण्याचा. पूर्ण भूल देतात. आठवडाभर नाकावर पट्टी आणि डोळ्यांखाली काळंनिळं, म्हणजे कुठेतरी मारामारी करून आल्यासारखं ध्यान दिसतं. दोनेक आठवड्यांनी कामावर जाता येतं. सूज महिन्याभरात बरीच उतरते, पण शेंड्याची पुरती जायला वर्ष लागतं. व्रण नाकपुड्यांच्या मधे खालच्या बाजूला असतो, शोधायला बसलं तरच दिसतो. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही. परवा एका गृहस्थांनी विचारलं, शिंक आली तर नाक गळून पडेल का. मी म्हटलं, पडलं तर घेऊन या, जोडून देऊ. त्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावून झापलं. आवाजाचं म्हणशील तर थोडे दिवस सर्दी झाल्यासारखा येतो, मग होता तसा.

एक प्रश्न तुझ्या बाई विसरल्या. आवडलं नाही तर परत पहिल्यासारखं करता येतं का? नाही येत. पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, पण जुनं नाक गेलं ते गेलं. हा प्रश्न पेशंट नेहमी नंतर विचारतात.

आता खरं सांग, कोण आहे तो? त्याला आपलं नाक चालत नसेल तर आधी त्याचेच डोळे तुझ्या दुकानात तपासून घे. हा मधला उंचवटा तुझ्या आजोबांचा, मग ताईच्या आणि माझ्या चेहऱ्यावर आला, आणि तिथून तुम्हा जुळ्यांच्या. तुम्हा दोघींची तर एका साच्यातून काढल्यासारखी नाकं. घराण्याचं नाक कापायला निघालीस का गं?

माझ्या गुडघ्यांना नावं ठेवतेस, तरी आशीर्वाद कमी करत नाही. सावकाश वापर.

तुझी मावशी

१७ जून

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझ्यापुढे माझी डाळ शिजत नाही. बाई कोणी नाहीत. तोही कोणी नाही, असता तर तुला आधी कळवलं असतं. नाक माझंच.

मावशी, आई माझ्याकडे बघत नाही. थोरली गेल्यापासून एकदाही नीट बघितलेलं नाही. मी दारातून आत आले की ती पाठ फिरवते, ओट्याकडे नाहीतर खिडकीकडे. जेवताना ताटाकडे बघून बोलते. आधी वाटलं, दिवस जातील तसं कमी होईल. एकदा मी चपला काढता काढता मान वर केली आणि ती बेसावध सापडली. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पडला. तिच्या हातातून मी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखा. तिला माझ्यात थोरली दिसते आणि ते तिला सोसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी केस कापले. बिननंबरचा चष्मा लावायला लागले. थोरली घालायची ते रंग सोडले. काही उपयोग झाला नाही, कारण नाक मधोमध बसलेलं आहे. दुकानात भिंतभर आरसे आहेत. गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना मलाच ती मागे उभी दिसते, तर आईचं काय होत असेल. आमचा आवाजसुद्धा एकच. फोनवर तू नेहमी विचारायचीस, थोरली का धाकटी. तोही बदलला असता तर सुटले असते.

मला सुंदर वगैरे दिसायचं नाही. मी घरात यावं आणि आईने मान वर करून माझ्याकडे बघावं, एवढंच हवं आहे. तुमच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन दे. आणि आईला यातलं अक्षर जरी कळवलंस तरी तुला माझ्या गळ्याची शपथ.

रागावू नकोस, रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझी,
धाकटी

२३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ., आणि आज थोडं रागावणंही.

मागच्या पत्रातली थट्टा मला आता चावते आहे. ते पत्र फाडून टाक.

मोठ्या डॉक्टरांशी तुझं नाव न सांगता बोलले. ते प्रत्येक पेशंटला सगळ्यात शेवटी एकच विचारतात, हे कोणासाठी करता आहात. स्वतःसाठी म्हणणाऱ्याला पुढची तारीख देतात. नवऱ्यासाठी, सासूसाठी म्हणणाऱ्याला घरी पाठवतात. तुझं ऐकून पेनला टोपण लावत ते म्हणाले, त्या मुलीला आधी आईशी बोलू दे. तेव्हा मी वेळ घेणार नाही. तू माझ्याशी भांडलीस तरी चालेल.

बाळ, तुझ्या अंगात काही बिघडलेलं नाही. आमच्याकडे दुभंगलेल्या ओठांची तान्ही मुलं येतात, भाजलेल्या बायका येतात. त्यांना दुरुस्तीची गरज असते. तुझ्या नाकाला काय झालंय? दुखतंय ते दुसरीकडेच, आणि तिथे आमच्या डॉक्टरांची सुरी पोचत नाही. तू ताईशी बोल. बोलवत नसेल तर मला शपथेतून मोकळं कर. तोवर तुझं काही न सांगता मी तिला नुसतं खुशालीचं पत्र घालते. माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांब, हे मी तुला हात जोडून सांगते.

माया कमी पडत असेल तर कळव, इथे शिल्लक आहे.

तुझी मावशी

४ जुलै

चि. बेबीस (पन्नाशी उलटली तरी बेबीच),
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात खुशाली एकदा आणि धाकटीशी माझं कसं चाललंय हे तीनदा विचारलं आहेस. पोरीने तुझ्याकडे काही रडगाणं गायलेलं दिसतं. सरळ विचारलंस तर सरळ सांगते, पण हे तुझ्यापाशीच ठेव.

मी तिच्याकडे बघत नाही हे खरं. पण त्याआधी बघते. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी दाराकडे तोंड करून बसते. दार उघडतं आणि थोरली आत येते. बेबी, खरंच येते गं. तेच नाक, तीच मान तिरकी करून चपला काढणं. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच, पण तेवढ्यात मला इतका आनंद होतो की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी त्यावर जगते. मग ती धाकटी होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जिवंत पोर दमून घरी येते आणि आईच्या तोंडावर आनंद दिसतो तो दुसरीचा. तिला तो दिसू नये म्हणून मी पाठ फिरवते. तिला कळलं तर तिच्या काळजाला घरं पडतील.

तिने केस कापले, चष्मा लावला. मला वाटलं, चला, पोर जरा हौसेमौजेला लागली. पण चष्म्यातूनही ती येतेच. एक मुलगी गेली तरी तिचं तोंड माझ्यासाठी घरात राहिलं, एवढं मला पुरे आहे.

तुला एक विचारायचं होतं. धाकटीच्या नाकाचं हाड वाकडं आहे म्हणे, श्वासाला त्रास होतो, त्याची दुरुस्ती इथल्याच एका दवाखान्यात करून घेणार आहे. परवाच भरती व्हायचं आहे, मी सोबतीला जाते. तुझ्या कामातलं आहे म्हणून विचारते, घाबरण्यासारखं काही नसतं ना? तिच्या बॅगेत मी स्वेटर भरून ठेवला आहे. तिला दवाखान्यात गारठायला होतं.

तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझी ताई

८ जुलै

चि. धाकटीस,

ताईचं पत्र आत्ता हातात पडलं. तुमच्या घरी फोन लावला, वाजत राहिला. दुकानात लावला तर मालक म्हणाले, ती रजेवर आहे. कुठला दवाखाना हे त्यांनाही माहीत नाही. आता पत्राशिवाय माझ्या हातात काही नाही. दोघींनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलंत, आणि मी दोघींचं मोडते आहे.

आईला तुझा चेहरा सोसत नाही असं नाही. ती रोज त्याचीच वाट बघते. तू आत येतेस तेव्हा क्षणभर तिला थोरली भेटते, आणि तो आनंद तुला दिसून तुझं मन दुखू नये म्हणून ती पाठ फिरवते. तुला पडलेला दिसला तो चेहरा त्या आनंदानंतरचा होता. तुझ्यापुढे तिला लाज वाटते, एवढंच.

हे वेळेवर मिळालं तर असशील तिथून उठून घरी जा. टेबलावर घेतलं असेल तरी उठ.

मावशी

१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मिळालं. डोळे सुजले होते, एका फटीतून वाचलं. रडायची सोय नव्हती. नाकात बोळे असताना रडलं की जीव गुदमरतो, हे तेवढं तू सांगायची राहिलीस. त्यानंतर तू फोन केलेस, मी उचलले नाहीत. यायला निघालीस, तर आईकडून नको म्हणून कळवलं. ते मनात ठेवू नकोस, मला तोंड दाखवायचं नव्हतं.

पट्टी काढली तेव्हा आई बरोबर होती. त्या डॉक्टरांनी कोणासाठी करता हे काही विचारलं नव्हतं, पण हात चांगला आहे त्यांचा. नाक सरळ झालंय. शोभतं, असं दुकानात सगळे म्हणतात. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला हवं होतं तसंच, आणि पुष्कळ वेळ. हनुवटीला धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग म्हणाली, आता दोघीही गेल्या. रागाने नाही म्हणाली. घरातलं काही संपलं की सांगते तशी म्हणाली.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, परत पहिल्यासारखं करता येतं का. मावशी, सगळे खरंच नंतर विचारतात.

आई आता संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसत नाही. मी आले की माझ्याकडे सरळ बघते, दमलीस का विचारते, चहा टाकते. पाहुण्यांचं करतात तसं नीट करते. मी तिला तुझ्या पत्राचं सांगितलं नाही आणि तिने मला काही विचारलं नाही. दोघी एकमेकींकडे बघून जेवतो. इतकं बघणं मला आता नको झालंय.

गेल्या आठवड्यात माझं नाक एकदाचं मोकळं झालं. तोवर आवाज घोगराच होता. संध्याकाळी हातात पिशव्या होत्या म्हणून मी जिन्यातूनच ओरडले, आई, दार उघड. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग हाताला धरून मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, बोल. मी विचारलं, काय बोलू. म्हणाली, काहीही बोल, दुकानातलं बोल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं हेच चालतं. ती खिडकीकडे तोंड करून बसते आणि मी तिच्या पाठीला दिवसभराच्या फ्रेमा आणि नंबर सांगते. तिचे खांदे हलतात, कधी हसते म्हणून, कधी नाही. ती कोणाचं ऐकते आहे हे मी विचारत नाही. वर्षभर त्याच पाठीचा मला राग यायचा. काल बोलता बोलता ती वळायला लागली, तर मीच म्हटलं, आई, वळू नकोस.

आवाज होता तसा आला, तू सांगितलंस तसाच. तो बदलावा असं मी तुला लिहिलं होतं, ते पत्रही फाडून टाक.

आता फोन कर. मी उचलेन. पूर्वीसारखं विचार, थोरली का धाकटी. आई जवळ असली तर मी लगेच उत्तर द्यायची नाही, तेवढं समजून घे. लोभ आहेच, तो आता दोघींच्या वाटचा मला एकटीला दे.

तुझी,
धाकटी