चंद्रमतीच्या गादीला कोणी हात लावू नये

मी, सूर्यनारायणराव व्यंकटरमणराव, वय वर्षे एकोणसाठ, सब-रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेला हेड क्लार्क, राहणार तंजावूर, पश्चिम राजवीथी, असे लिहून ठेवतो की हा कागद लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या चिरंजीवांना याविषयी शंका येण्याचा संभव आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि रडून वश केलेले नाही. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे नोंदवून घेतली. त्यांतली बहुतेक इतकी ढिसाळ होती की मेलेला माणूस जिवंतपणी काय लायकीचा असेल हे तिथेच कळावे. या कागदात तसली ढिलाई सापडणार नाही.

कागद मराठीत आहे, तोही मुद्दाम. चिरंजीव कल्याणराम शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकले. घरची भाषा ते अर्धीमुर्धी बोलतात आणि बाळबोध अक्षर त्यांना वाचता येत नाही. त्यामुळे हा कागद त्यांना सर्वांसमक्ष दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. वाचण्याचे काम शेजारच्या बाळकृष्णरावांनी करावे. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून ते काही गाळणार नाहीत.

कलम १. राहते घर, मागच्या विहिरीसह, मी माझी पत्नी चंद्रमती हिला देतो. हयातीपुरते नव्हे, कायमचे. तिने ते विकावे, दान करावे, हवे तर पाडावे. आता तसा कायदा झाला आहे आणि ज्यांना तो आवडत नाही त्यांनी दिल्लीला पत्र लिहावे. माझी थोरली बहीण शेषम्मा अक्का हिला मागच्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील.

कलम २. बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी मंगला हिला. तिने माझ्याकडे कधी काही मागितले नाही, आणि एवढे कारण पुरे आहे.

कलम ३. माझी सायकल, दोन फौंटन पेने आणि कागद कापायची पितळी सुरी बाळकृष्णरावांच्या नातवाला. आमचे पुरोहित अप्पाजीशास्त्री यांना त्यांचे पंचांग परत करावे. गेल्या आठ वर्षांत त्यांनी सांगितलेला एकही मुहूर्त पावसावाचून गेला नाही.

कलम ४. गादीबद्दल.

हे कलम लांब आहे. कल्याणरामने घड्याळ पाहू नये.

निवृत्तीच्या वर्षी चंद्रमती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचे कंबरेचे हाड दुखावले. सावरीच्या कापसाची जुनी गादी गोळे होऊन तिला टोचू लागली. मी स्वतः लहानपणापासून सागवानी फळीवर झोपणारा. मऊ गादीवर झोपणारे लोक कचेरीत उशिरा येतात, असे माझे मत होते आणि ते मी घरात रोज ऐकवत असे. डॉक्टर म्हणाले, रबराची दोन इंची गादी मिळते, ती आहे त्या गादीवर अंथरा. म्हणून आम्ही मद्रासला गेलो.

माउंट रोडवरच्या दुकानातला माणूस टाय लावून उभा होता. त्याने मऊ आणि कडक असे दोन नमुने पसरले आणि चंद्रमतीला सांगितले, बाई, निजून पाहा. भर दुकानात, दहा परक्या पुरुषांसमोर, घरंदाज बाई आडवी होईल असे त्या गाढवाला वाटले. तिने मऊ तुकडा तळव्याने दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघितले. मग तिच्या वतीने मी निजलो. अंगवस्त्र नीट करून, चपला काढून, दोन्हींवर पाठ टेकली आणि कडक गादी पक्की केली. कंबर तिची दुखत होती आणि गादी मी माझ्या पाठीने निवडली. त्या दुकानात माझ्याहून मोठा मूर्ख नव्हता, आणि तिथे टायवाला होता हे लक्षात घ्यावे.

तीन महिने ती त्या गादीवर काही न बोलता झोपली. मग मंगला माहेरी आली, आईला उठता-बसता पाहिले आणि मला चार शब्द सुनावले. शेवटी मऊ गादी मागवली, आणि कडक वाया जाऊ नये म्हणून मी फळी सोडली. आमच्या शिंप्याने दोन्ही मधोमध कापल्या आणि माझी कडक अर्धी व तिची मऊ अर्धी बटणांच्या एका खोळीत घातली. तो पलंग पाहायला वीथीतली माणसे येत. मी दर शुक्रवारी माझी अर्धी खोळीतून काढून गच्चीवर उन्हात टाकत असे, कारण गादीला ऊन दाखवायचे असते हे आमच्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. चंद्रमतीने तिच्या अर्धीला मला हात लावू दिला नाही. वर्षभरात माझे रबर पिवळे पडले, तडकले आणि त्याचा भुगा होऊ लागला. दुकानदाराने दिलेल्या छापील कागदावर ‘उन्हात ठेवू नये’ असे पहिल्याच ओळीत होते. जन्मभर लोकांना ‘सही करण्याआधी वाचा’ म्हणून दटावणाऱ्या मी तो वाचला नव्हता. चंद्रमतीने वाचून घेतला होता. मी फळीवर परतलो. तिची मऊ अर्धी आजही शाबूत आहे आणि तिला त्यावर झोप लागते.

ती गादी चंद्रमतीची आहे. माझ्या मृत्यूनंतरही तिचीच राहील, आणि पलंगावरच राहील.

कलम ५. हे वरचे वाक्य का लिहावे लागले ते सांगतो.

गेल्या माघात माझा चुलतभाऊ वारला. त्याची बायको जयलक्ष्मी, वय पासष्ट, संधिवाताने वाकलेली. दहाव्या दिवशी शेषम्मा अक्का आणि अप्पाजीशास्त्री यांनी पुढे होऊन तिचा पलंग बाहेर काढवला आणि तिला जमिनीवर चटई दिली. महिन्याभरात ती अंथरुणाला खिळली, म्हणजे चटईला. अक्का घरी येऊन चंद्रमतीसमोर म्हणाली, “कट्टिल, मेत्तै सुवासिनीचं. विधवेला पलंग-गादी कशाला? मी बेचाळीस वर्षं जमिनीवर झोपते, मला काय झालं?” कल्याणराम तेव्हा रजेवर आला होता. कॉलेज शिकलेला, मद्रासच्या कंपनीत पंख्याखाली बसणारा माणूस. तो आत्याची री ओढत म्हणाला, “अत्तै म्हणते तसंच करायचं, अप्पा. लोक बोलतात.”

पुढच्या आठवड्यात दुपारी मी खोलीत गेलो तर चंद्रमती पलंगाशेजारी उघड्या फरशीवर, हात उशाला घेऊन निजली होती. मी विचारले, हे काय. ती म्हणाली, “आतापासून सवय केलेली बरी.”

मला इतका संताप आला, आणि इतकी लाज वाटली, की मी बाहेर जाऊन विहिरीपाशी उभा राहिलो.

सबब शर्त अशी. तिरुवैयारूजवळची सर्व शेतजमीन कल्याणरामला मिळेल, पण चंद्रमती जिवंत असेतो तिच्या गादीवर, पलंगावर झोपत असेल तरच. कोणी तिला खाली निजवले, किंवा लोक काय म्हणतील असे सांगून तिच्या तोंडून नको म्हणवून घेतले, तर जमीन त्या दिवशी मंगलाची होईल. पाहणी बाळकृष्णरावांनी करावी. लोकांना बोलायचे असेल तर त्यांनी जमिनीच्या बांधावर उभे राहून बोलावे.

कलम ६. शेषम्मा अक्काबद्दल.

कलम ५ ऐकून कोणी तिला दुष्ट म्हणू नये. ती एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. वडिलांच्या हुकमावरून तिची लग्नातली गादी गुंडाळून परटाला देऊन टाकायला कोणी नेली? मी. मी सतरा वर्षांचा धडधाकट होतो. दारात ती म्हणाली, “सूर्या, कुठं नेतोस?” मी म्हणालो, “अप्पांना विचार.” त्यानंतर तिला काय हवे हे या घरात कोणी विचारले नाही. मी तर चांगला रजिस्ट्रार कचेरीत होतो, रोज लोकांना विचारत होतो, हे तुमच्या मर्जीने आहे ना.

माझ्या मृत्यूनंतर तिच्यासाठी रबराची दोन इंची गादी विकत घ्यावी, असे मी इथे लिहिले. पण देणगीच्या वस्तूचे वर्णन नेमके असावे लागते. कागद मोघम राहू नये म्हणून आज सकाळी मी तिच्या खोलीत गेलो आणि विचारले, मऊ की कडक.

तिने मला वेड लागले असे म्हटले. मग बायकोच्या ताटाखालचे मांजर म्हटले. मग वडिलांचे नाव काढून पुष्कळ बोलली. मी उभाच राहिलो, कारण रकाना रिकामा होता. शेवटी चटईची कड चाचपत, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, “मऊ.”

कलम ५ मधील शर्त कायम आहे, कारण कल्याणराम आहे. कलम ६ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे दोन शब्द मी खोडले असून खोडलेल्या जागी सही केली आहे.

स्थळ : तंजावूर
तारीख : १२ जून १९६४

(सही) सूर्यनारायणराव व्यंकटरमणराव

आमच्यासमक्ष त्यांनी, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही, सह्या केल्या. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१. (सही) सुब्रमण्यम, शाळामास्तर
२. (सही) व्यंकोजी, निवृत्त पोस्टमास्तर