ग्लाशाचं वजन

वीरित्सा,
४ नोव्हेंबर १९७२

आदरणीय येफिम नझारोविच,

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. मधाची बरणीही पोचली. झाकणाशी थोडी गळली होती, पण माझ्यासोबत राहणाऱ्या वार्याने पुठ्ठ्यावरचा मधही वाया जाऊ दिला नाही. आमचं बरं चाललंय. थंडी येणार हे माझे गुडघे रेडिओच्या आधी सांगतात. कोबी चिरून, मीठ लावून पिंपात भरलाय. पहिला बर्फ पडला आणि वितळूनही गेला.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नाही. आत ‘रायाताई, मी चार नंबर वॉर्डातला शेगडीवाला’ एवढं वाचलं आणि मी पायरीवरच बसले.

कसा विसरेन तो वॉर्ड! इस्पितळ केलेल्या शाळेचा वर्ग, काचांच्या जागी लाकडी फळ्या, दौतीत गोठलेली शाई. आणि तुम्ही मांडी फाटलेली असताना पडल्या पडल्या शेगडी बांधून घेत होतात. एका हाताचा ग्रीशा विटा रचत होता.

“अरे, वीट नीट बसव! पाव मांडतोयस का?”

“पावाचं नाव काढू नकोस, येफिम. वीटच खाईन!”

पहिल्या दिवशी इतका धूर झाला की डॉक्टरसाहेब खोकत आले आणि म्हणाले, “शत्रूला जमलं नाही ते तुम्ही करताय.” दुसऱ्या दिवशी मात्र भिंत तापली आणि अठरा माणसं त्या भिंतीकडे तोंड करून पडली. पाईनच्या पानांचा तो कडू काढा आठवतो? तो संपवल्याशिवाय मी सूप देत नव्हते आणि तुम्ही म्हणायचात, “ताई, यापेक्षा जर्मन बरे.” नवल वाटेल तुम्हाला, पण जर्मनांनी शहराला घातलेल्या त्या वेढ्यातल्या हिवाळ्यातली ती ऊब मला अजून आठवते. नंतरच्या कुठल्याच घरात ती मिळाली नाही.

तुम्ही जानेवारीत येणार आहात. ग्लाफिरा सावेल्येवाला भेटायचंय, तिचा पत्ता द्या, असं लिहिलंय. आणि मी कोबीचं सांगत बसलेय.

तेव्हा बाटलीवर रक्त देणाऱ्याचं नाव चिकटवलेलं असायचं आणि शुद्धीवर आलेले जवान त्या नावाला पत्र लिहायचे. पाचव्या दिवशी तुम्हीही तुमच्या बाटलीवरच्या ग्लाफिराला लिहिलंत. ती, म्हणजे आमची ग्लाशा, खाली आमच्याच धुलाईघरात काम करते, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘ताई, तुमचं रक्त माझ्यात छान रुळलंय, फक्त हल्ली चादरी धुवाव्याशा वाटतात.’ ते मी तिला नेऊन दिलं. ती इतकी हसली की टबाच्या काठावर टेकली. म्हणाली, “सांग त्याला, फुकट नाही हं! लढाई संपली की माझ्या घरी शेगडी बांधून द्यायची.”

तो निरोप मी तुम्हाला दिला. पण पुढच्या वर्षी तुम्ही वेढ्याबाहेरच्या, सरोवरापलीकडच्या इस्पितळातून तिची चौकशी केलीत, तेव्हा मी कळवलं की ती मुलीला घेऊन उरलकडे गेली. ते खोटं होतं. ग्लाशा शहराबाहेर गेलीच नाही. रक्त दिल्यावर अकराव्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, ती धुलाईघराच्या पायऱ्यांवर वारली. ती माझी शेजारीण, समोरच्याच दारातली. तिची सहा वर्षांची मुलगी मी सांभाळली. तीच ही वार्या.

इथवर वार्यालाही माहीत होतं. पुढचं नव्हतं.

पंचेचाळीस किलोच्या खाली कुणाचं रक्त घ्यायचं नाही, असा आमच्या डॉक्टरांचा नियम होता. त्या सकाळी काट्यापाशी मी होते. खोली इतकी थंड की कोट काढायला लावत नव्हतो. कोटाचे म्हणून दोन किलो वजा करायचो. ग्लाशा काट्यावर चढली आणि ठण् असा आवाज झाला. तिने कोटाखाली कमरपट्ट्याला धुलाईघरातली लोखंडी इस्त्री बांधली होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं.

“राया, लिही.”

“ग्लाशा, वेडी आहेस का?”

“रक्त देणाऱ्याला लोणी मिळतं. लिही ना गं. मागे रांग आहे.”

तो वाढीव शिधा रक्त देणाऱ्याने स्वतः खायचा असतो. ती खाणार नाही हे मला ठाऊक होतं. वर वॉर्डात तुम्ही पांढरे पडत चालला होता, हेही ठाऊक होतं. मी काट्यावरच्या अठ्ठेचाळीसातून कोटाचे तेवढे दोन वजा केले आणि सेहेचाळीस लिहिलं.

तुम्ही बेशुद्ध होता, येफिम नझारोविच. यात तुमचा काहीच भाग नाही. ती एरवी वाचली असती का, मला सांगता येत नाही. त्या महिन्यात रक्त न दिलेलेही भुकेने गेले. हे मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलेय आणि दर वेळी अर्धंच पटतं.

तुम्ही आल्यावर वार्यासमोर ग्लाशाचं नाव निघणार. तिला तेव्हा, परक्या माणसासमोर कळू नये, म्हणून आज दुपारी इथवरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं.

“लोणी मी खाल्लं?” तिने विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“सगळं. तिने फक्त कागद चाटला.”

ती उठली. धुलाईघरातली ती इस्त्री नंतर मीच घरी आणली होती, आणि इतकी वर्षं आमच्या पिंपात कोबीवर दाब म्हणून आहे. ‘मावशी, हे गंजकं टाक आता,’ असं वार्या दर हिवाळ्यात म्हणायची. आज तिने ती काढली, धुतली, पुसली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोन किलो आठशे भरली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. फक्त आत्ता, मी पाकीट शोधत होते, तेव्हा पाठमोरी म्हणाली, “त्यांना लिही, आपली शेगडी धुरावते. विटा मी आणून ठेवते. आईची शेगडी बांधायची राहिलीय.”

कोबीवर आता दगड ठेवलाय. इस्त्री खिडकीत आहे. ती एकदा हातात घेऊन बघा, मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवा. पण या.

तुमची,
सेहेचाळीस किलो लिहिणारी
राइसा