आठ दिवसांच्या बोलीवर

९ ऑगस्ट

टाकव्याला फुकट फेरी! जाहिरातीत ‘नव्यासारखी गिटार’. विकणारा मारुती. गोठ्याशेजारच्या खोलीतून काढून दिली. मी मान डोळ्यांसमोर धरून रुळासारखी पाहिली — मधोमध झोल. तारा इतक्या वर की कॉर्ड धरायला पहिलवान हवा. “लय भारी हाय वो! पावसात जरा फुगती, मग बसती.” तारा अडकवतात तिथे लाकडाचं पोट सुटलेलं, ते काही बसायचं नाही. “तुमी घ्या तर खरं!”

तीस वर्षं टीसी होतो. ‘साहेब, पास घरी राहिला’ ऐकून ऐकून कान किटलेत. मला कुणी शेंडी लावू नये.

१० ऑगस्ट

चंद्रिकाला घेऊन तळेगावला. बोलणं शिकवणाऱ्या अपूर्वा मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या — “काका, बोलणं गेलं तरी गाणं पुष्कळदा राहतं. तालावर घ्या. आधी नुसता ठेका, मग एकेक तार सावकाश.” मोबाईलवर गाणी लावली तर? “मोबाईल त्यांच्यासाठी थांबणार नाही. तुम्ही थांबाल.”

म्हणून गिटार. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये चार कॉर्ड शिकलो होतो, तेवढंच भांडवल.

फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून तिच्याकडे एकच शब्द उरलाय — ‘नको’. चहा देऊ? नको. आणि कप घेते. फिरायला जायचं? नको. आणि चपला शोधते.

छत्तीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं ते एकदाच, लग्नातल्या उखाण्यात. मी नुकता टीसी झालो होतो. उखाणा असा खट्याळ की माझे रेल्वेतले दोस्त पोट धरधरून हसले आणि मी दोन दिवस फुगून बसलो. शब्द आता काही केल्या आठवत नाहीत. त्यानंतर नुसतं ‘अहो’. उठता बसता अहो. मला ते ‘अहो’ परत हवंय. दुसरं काही मागत नाही.

१३ ऑगस्ट

खंडाळ्याला रज्जाकभाईंकडे. एका बंगल्याचे केअरटेकर, साठीच्या पुढचे. गिटार पाहिली. मान सरळ. तारा बेताच्या उंचीवर. त्यांनी वाजवून दाखवली — ठेका भरदार, आणि बोटांनी एकेक तार छेडली तर प्रत्येक वेगळी ऐकू येते. इतकं चांगलं? मग विकता कशाला?

“बोटं धरतात हो साहेब आता. ही मात्र बसलीये. लाकूड बसलं की आवाज सुटतो.”

टाकव्याचा फुगून बसती म्हणाला, हे बसलीये म्हणतात. दोघांच्या तोंडी एकच शब्द! ठरवून?

गिटार उलटी केली. मागे कपभर आकाराचा तपकिरी डाग. जळाल्याचा! विचारलं तर म्हणे, “पावसात कपाटात बल्ब लावून ठेवतो. एकदा टेकला.” फार पटकन आलं उत्तर. तयार उत्तरं मला पाठ आहेत.

शिवाय बंगला मुंबईवाल्यांचा. गिटार नक्की कुणाची? तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. “माझीच. पटत नसेल तर आठ दिवस घरी ठेवा. नाही पटली तर परत आणा. पैसे मग द्या.” कागद नाही, सही नाही. कोण देतं असं?

आणली.

१४ ऑगस्ट

चंद्रिकासमोर धरली. “नको.” लगेच! म्हणजे तिलाही शंका आली? चेहरा बघून विनातिकीट माणूस ओळखायचो मी. बायकोचा ओळखता येईना.

१६ ऑगस्ट

खरखर! खर्जाच्या तारेवर ठेका टाकला की आत काहीतरी थरथरतं. खंडाळ्यात हे नव्हतं. म्हणजे तिथे वाजवताना काहीतरी चलाखी केली. जळालेलं लाकूड आतून सुटलं असणार. आग लागली होती, नक्की!

१७ ऑगस्ट

कपाट उघडलं. आमच्याकडेही आत बल्ब जळतोच — लोणावळ्यात त्याशिवाय कपड्यांना बुरशी. माझा ड्यूटीचा काळा कोट बाहेर काढला. बाहीवर कपभर तपकिरी गोल.

बरं. डागाचं सोडून देतो. खरखरीचं नाही सोडणार.

१९ ऑगस्ट

खरखर रोज. चंद्रिका खुर्चीत बसून ऐकते, मी तीनदा थांबून आत वाकून बघतो, मग ती खिडकीकडे तोंड फिरवते. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही थांबाल. तिच्यासाठी थांबायचं होतं. मी थांबतोय चोर पकडायला. लाज वाटली, तरी पुन्हा वाकून बघितलंच.

उद्या परत करणार.

२० ऑगस्ट

खंडाळा. म्हटलं, ही घ्या तुमची खरखर. रज्जाकभाईंनी मांडीवर घेतली, वाजवली — स्वच्छ! बघा, म्हटलं, तुमच्या हातात नाही, माझ्याच हातात! त्यांनी माझ्याकडे दिली. मी वाजवली. खर्र.

ते उठले. माझ्या शर्टाच्या खिशातलं स्टीलचं पेन काढून घेतलं. “आता वाजवा.”

स्वच्छ.

पेनाची क्लिप लाकडाला लागून वाजत होती. तेच पेन, ज्याने तीस वर्षं लोकांच्या दंडाच्या पावत्या लिहिल्या. निवृत्त झालो तरी रोज सकाळी खिशाला लावतो. रज्जाकभाई इतके हसले की खोकला लागला. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पैसे दिले, माफी मागितली. “अहो साहेब, माफी कसली! वहिनींना बरं वाटू दे.” चंद्रिकाचं त्यांना मी कधी सांगितलं? पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. मीच विसरलो, माझं लक्ष डागावर.

२१ ऑगस्ट

सकाळी चहानंतर. पेन टेबलावर. गाणं नव्हतंच, नुसता ठेका — खाली, खाली, वर. कुठे वाकलो नाही. किती वेळ, माहीत नाही. चंद्रिकाचं बोट खुर्चीच्या हातावर चालू झालं. मग ओठ. मग अडखळत, ठेक्यावर, माझ्याकडे बघून, तेव्हासारखंच खट्याळ:

“घाट चढाया... गाडीला... इंजिनं लागतात दोन,
सीतारामरावांचं नाव घेते — विचारणारे तुम्ही कोण!”