सैल सोडण्याचा अभ्यास

अण्णा, आज सकाळपासून तुमच्याशी भांडायचं मनात आहे, आणि उलट बोलायला तुम्ही समोर नाही, ही सोय मी प्रथमच वापरते आहे. विषय जुनाच आहे: ती चटई, ते अंग सैल सोडणं आणि तुमची राहिलेली इंजेक्शनं.

दुसऱ्या केमोनंतर तुम्ही जाहीर केलंत की आता पुरे. औषध अंगात जाण्याआधीच तुम्हाला उलट्या होऊ लागल्या होत्या. पनवेलच्या स्टँडवरून मुंबईची एस.टी. सुटली की तुम्ही खिडकीची काच सरकवायचात, वाशीचा खाडीपूल आला की चेहरा पांढरा पडायचा, आणि इस्पितळाच्या दारात फिनेलचा वास आला की मी पिशवी उघडून धरायची. गोळ्या होत्या, पण त्या औषधानंतरच्या मळमळीसाठी. औषध अजून बाटलीत असताना होणाऱ्या मळमळीला त्या काय करणार? जन्मभर लोकांच्या घरी पूजा सांगून त्यांची संकटं दूर केलीत, स्वतःच्या पोटापुढे मात्र हात टेकलेत. पोटाला संस्कृत येत नाही, त्याला तुमचा इलाज नव्हता.

वॉर्डातल्या एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी रोज त्यांना सपाट झोपवा, पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव आवळायला लावा आणि मग सैल सोडायला सांगा, श्वास सावकाश. असं केल्यानं काहींची मळमळ कमी होते, सगळ्यांची नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, अंगन्यास जन्मभर केला, प्रत्येक अवयवाला हात लावून तिथे देव बसवला. तो अवयवच सोडून द्या असं कुणी म्हटलं नव्हतं. तुमची खाट मधे खचलेली, पाठीचं धनुष्य व्हायचं, म्हणून मी माजघरात चटई टाकली. ती बघून तुम्ही उभेच राहिलात. आपल्यात माणसाला जमिनीवर कधी घेतात ते मी तुम्हाला काय सांगणार, अशा वेळी उशाशी बसून नाम घ्यायला अर्धं गाव तुम्हालाच बोलवायचं. "वेळ आली की घेशीलच," तुम्ही म्हणालात, "त्याची तालीम कशाला?" मी म्हटलं, याला शवासनच म्हणतात, तेव्हा तालीमच समजा. तुम्ही हसलात आणि आडवे झालात. मला वाटतं, लेकीनं डाव उलटवला एवढ्याच कारणानं.

चौथा-पाचवा दिवस असेल. तुम्ही चटईवर पडला आहात, डोळे मिटलेले, पंचा गळ्यापर्यंत. मी उशाशी बसून हळू आवाजात म्हणते आहे, उजवा पाय आवळा, धरा, आता सोडा. दार नुसतं लोटलेलं. शेजारच्या वहिनी तुमच्यासाठी पेज घेऊन येतात, आणि उंबऱ्यातून त्यांना दिसतात ते जमिनीवर घेतलेले अण्णा आणि उशाशी काहीतरी पुटपुटत डोळे पुसणारी मुलगी. मुलीला जांभई आली होती, हे त्यांना कसं कळावं? पेज खाली ठेवून त्या तशाच देवघरात जातात, गंगेच्या गडूचं झाकण उचकटतात, आणि पेंगणारी मी डोळे उघडून बघते तो तुळशीच्या पानावरून थेंब तुमच्या ओठांवर. "असं कसं गं झालं," वहिनी रडत म्हणाल्या, "सकाळी तर बोलत होते." तुम्ही शांतपणे तो थेंब गिळलात आणि डोळे न उघडता म्हणालात, "वहिनी, गंगा पोचली. आता पेज द्या." वहिनींच्या हातातला गडू लवंडला. तुम्ही हसत उठून बसलात, वाटीभर पेज प्यायलात, आणि ती पोटात राहिली. कितीतरी दिवसांनी काही राहिलं होतं. संध्याकाळी तुम्हीच विषय काढलात, की पुढच्या खेपेला जाऊन तर बघू.

मग एस.टी.त खाडीपुलाच्या अलीकडेच मी तुमच्या कानाशी सुरू करायची. एकदा पुढच्या बाकावरच्या, आपटा गावच्या एक बाई सगळा वेळ हात जोडून बसल्या, आणि उतरताना विचारलं, "कंचा देव हाय गो तुमचा?" तुम्ही म्हणालात, नवीन आहे. कधी इस्पितळाच्या दारापर्यंत निभायचं, कधी चेंबूरही यायचं नाही. उलट्या थांबल्या नाहीत. कमी झाल्या, असं तुम्ही म्हणायचात. आणि एका खेपेला मी "हात सोडा" म्हणताना माझं लक्ष गेलं. चेहरा निवांत होता, पण सरकलेल्या शालीखाली मूठ गच्च आवळलेली. मी विचारलं, जमतंय ना? "जमतंय," तुम्ही म्हणालात. "तू थांबू नकोस."

इंजेक्शनं पुरी झाली. वर्षभरानं दुखणं परत आलं, तेव्हा एस.टी.चं नाव कुणीच काढलं नाही. मधलं ते वर्ष इंजेक्शनांमुळे मिळालं, असं डॉक्टर म्हणाले, असेलही. माझं भांडण निराळंच आहे. तुम्हाला थांबायचं होतं. त्या पेजेनं तुमचं मन खरंच पालटलं, की मी इतक्या हौसेनं चटई घालते आहे हे बघून तुम्ही पुढे जात राहिलात? विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा "जमतंय" म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही, आणि आता विचारते आहे ते कुणाला? हे कागद कुठे धाडायचे नाहीत, तेव्हा लिहून टाकते. त्या पुलावर तुम्हाला बरं वाटत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र त्या बोलण्यानं तेवढा वेळ भीती वाटायची नाही.