सोनिवलीच्या भट्टीवरची रेघ

१६ फेब्रुवारी

वीटभट्टीवरच्या अंजनीला हाताला धरून उठवलं. ती पातेलं सोडेना. आठवा महिना, आणि मांडवामागे उन्हात भांडी घासायला बसवलेली. धाकट्या दिराची, भावेशची हळद. सगळी आळी जेवून गेली होती.

सासूबाई म्हणाल्या, "कनाला उठवतेस गो तिला? ती काय परकी हाय? घरच्या लग्नात कोनी मजुरी मागतं?"

अंजनी मजुरी मागत नव्हती. तिला बाळंतपणाला आईकडे जायचंय, कर्जतकडच्या वाडीवर. एवढंच.

थोरले दीर, अनंतादादा, सोनिवलीला वीटभट्टी चालवतात. पावसाळ्यात उचल म्हणून आगाऊ पैसे दिले की उन्हाळा संपेपर्यंत भट्टी सोडायची नाही. नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात. एकाने चिखल मळायचा, दुसऱ्याने साच्यात भरायचा. अंजनी गेली तर तिचा नवरा सोमा एकटा विटा पाडू शकत नाही. म्हणून तिने जायचं नाही.

माझा नवरा हितेश दादांना म्हणाला, ही वेठबिगारी कायद्याने केव्हाच बंद झालीय. दादा हसले. "कोनी बांधलंय त्यांना? दोरी दाखव."

१८ फेब्रुवारी

उल्हासनगरला माझा इतिहासाचा तास. अमेरिका, यादवी युद्धाच्या आधीची चाळीस वर्षं. १८२० ची तडजोड — नव्या मुलखात नकाशावर आडवी रेघ. खाली गुलाम ठेवता येतील, वर नाही. मिसुरी तेवढं अपवाद.

मागून चंदर: "मॅम, लाइन खींच दी, मॅटर खतम ना?"

राजसी वळून म्हणाली, "येड्या, मॅटर खतम असता तर पुढचे दोन चॅप्टर कशाला असते?"

वर्ग हसला. मीही.

२१ फेब्रुवारी

जेवताना भावांचं पुन्हा वाजलं. हितेश ताटावरून उठला. सासूबाई रडल्या. घर फुटू नये म्हणून मीच सुचवलं — भट्टीची अर्धी जमीन सातबाऱ्यावर हितेशच्या नावाने आहे. त्या अर्ध्यात उचल नाही, रोजची मजुरी, ज्याला जायचं त्याने जावं. उरलेल्या अर्ध्यात दादांचं दादा बघतील.

सगळ्यांना पटलं. दादांनी स्वतः चुन्याची फक्की मारली, कबड्डीच्या मैदानासारखी. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मंगळवारी वर्गात काय शिकवलं होतं, ते अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

२२ फेब्रुवारी

आज कोणी भांडलं नाही.

२५ फेब्रुवारी

सोमा आणि अंजनी रेघ ओलांडून आमच्या बाजूला आले. दोन गोधड्या, तवा, टोपलीखाली कोंबडी. कुडाचं खोपटं उभं करायला घेतलं. सोमाने विचारलं, "बाई, इकडं आलो म्हंजी सुटलो ना?"

मी हितेशकडे पाहिलं. हितेशने फोनकडे.

संध्याकाळी दादा बेलवलीला आमच्या घरी आले. बसले नाहीत. "रेघ जमिनीला मारली. मानसांना नाय. माझी जोडी मला परत दे."

"दादा, दोन दिवस दे," हितेश म्हणाला.

२७ फेब्रुवारी

वर्गात १८५० चा कायदा. पळून उत्तरेत पोचलेल्या गुलामालाही धरून परत द्यायचं. आसरा देणाऱ्याला दंड, तुरुंग. ज्यांना वाटत होतं आपला गुलामीशी संबंध नाही, त्यांच्या दारात ती येऊन उभी राहिली. मुलांनी लिहून घेतलं. मी फळा पुसला.

घरी हितेश म्हणाला, "मधला मार्ग काढू. बाळंतपण बदलापूरच्याच दवाखान्यात करू, आपण बघू सगळं. मग दोघं परत दादाकडे."

"तिला आईकडे जायचंय. तू विचारलंस तिला?"

"वेळ कुठे होता."

२ मार्च

दादांनी बैठक बोलावली. घरचे मिळून ठरवू, म्हणाले. घरचे म्हणजे आम्ही पाच-सहा माणसं. प्रत्यक्षात अंगण भरलं. दादांनी चुलते, मेहुणे, त्यांचे मेहुणे आणले. हितेशने अंबरनाथ पश्चिमेहून दोस्त बोलावले. एक काका कोणाच्या बाजूने आलोत तेच विसरले होते. "जेवन कोनाकडं हाय?" त्यांनी विचारलं, आणि त्या बाजूला बसले.

दुपारभर बोलणं जमिनीवर. अंजनीचं नाव निघालं नाही. सोमाला बोलावलंच नव्हतं.

५ मार्च

हितेश कुंपणाचे खांब रोवतोय. कामावरून रजा घेतली आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणतो. रेघ मारताना दादांनी आपली जमीन खाल्ली, असंही म्हणतो. अंजनीला गाडीने आईकडे सोडायचं काय, विचारलं तर म्हणाला, "हे एकदा होऊ दे."

थकले. दोघांचंही ऐकून थकले.

६ मार्च

भट्टीवर गेले. अंजनी खोपट्याच्या सावलीला बसली होती. पाय सुजलेले.

"बाई, आईकडं सोडनार ना गाडीनं?"

"उद्या," मी म्हणाले. "गाडी हितेशकडे आहे. उद्या नक्की."

ती हसली. "तुमचा उद्या लय लांब असतो."

७ मार्च

कुंपणावर मारामारी. दोन्हीकडून फावडी निघाली. दादांचं डोकं फुटलं, हितेशचा हात मोडला. भावेश मध्ये पडला, त्यालाही लागलं. सासूबाई दोघांचीही नावं घेऊन ओरडत होत्या. दवाखान्यात दोन भावांना दोन टोकांच्या खाटा द्याव्या लागल्या.

आज गाडी नेता आली नाही.

८ मार्च

सकाळी दोघांनी खाटेवरूनच एकमेकांविरुद्ध पोलिसांना जबाब दिले. मी गाडी घेऊन भट्टीवर गेले. खोपटं रिकामं. शेजारच्या बाईने सांगितलं, काल फावडी चालत होती तेव्हाच सोमा-अंजनी कर्जतच्या रस्त्याला लागले, पायी. कोणाचं लक्ष नव्हतं. आज पहाटे तिच्या भावाचा फोन आला. पोचले. मुलगी झाली.

रेघेच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या सामान बांधत होत्या.